सलमाच्या लेकीची मेंदी

अगं, आमच्या इथल्या, अमेरिकेत नोव्हायमधल्या शेजारणीचं, सलमाचं सांगते. सीरियाची आहे ती. तिच्या लेकीच्या, रीमच्या लग्नाआधी मेंदीला बोलावलं होतं. त्यांच्यात अशा वेळी बायका जीभ भराभर हलवून आनंदाचा उंच सूर काढतात. सलमाच्या घरात पहिला सूर नवरीच्या आजीचा. पण आजीला, म्हणजे सलमाच्या आईला, व्हिसा मिळाला नाही, आणि लग्नाच्या तीन आठवडे आधी ती तिकडेच वारली. सलमाला शेवटचं बघायलासुद्धा जाता आलं नाही गं.

रीमच्या तळहातावर मेंदी टेकली, तशा सगळ्या बायका सलमाकडे बघायला लागल्या. तिने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. माझा हात घट्ट धरून म्हणाली, “तू कर ना, प्लीज.”

“मला कुठे येतं, सलमा?”

तेवढ्यात रीमनेच सूर काढला. नवरीने काढायचा नसतो म्हणे, पण काय खणखणीत काढला! सलमा बघतच राहिली. “तुला कुणी शिकवलं?”

“आजीने, फोनवर. म्हणाली, शिकून ठेव. मी नसले तर तुझ्या आईला त्या दिवशी जमायचं नाही.”