दप्तर टाकून धरलेली जागा

न्हाई म्याडम, ताप म्हंजी काचेची कांडी लावून मोजावा असला ताप न्हाई, आतला ताप हाय, अशक्तपणा. तीन आठवडं झालं. तुमी हितं बसा, ह्या चटईवर, तिकडं पोत्यावर घेवडा वाळत घातलाय. पाणी घ्या. फाट्यापासनं चालत आलाय व्हय, एवढ्या उनाचं? आमची रेश्मा तेवढंच रोज चालायची — चालती. बरी झाली की चालंलच की परत. डॉक्टर? दावला तर, सांगलीला दावला — न्हवं, वडूजलाच, सांगली कुठनं आली मधेच. ध्यान थाऱ्यावर न्हाई माझं. ही बारकी दातामुळं किरकिर करती, दोन वर्साची हाय, हिचा दंड बघा की, बारीक वाटतो का तुमास्नी? तुमी शिकलेल्या, तुमास्नी कळत आसंल. मला सारखं वाटतं हिला काय तरी व्हनार. जरा हळू बोलूया, आत्ताच डोळा लागलाय झोळीत.

सासू-सासरं? आत्या आन् मामा मेंढरामागं गेल्यात, दिस कलला की येत्याल. माझं मालक डायवर हायत, आठ-आठ दिस घरात नसत्यात. घरात मीच एकली. आन् रेश्मा — व्हय, रेश्मा आत निजलीया. नको, आत नका जाऊ. म्याडम, नका जाऊ म्हणते न्हवं… आवं, न्हाई ती आत. आजोळाला गेलीया, हवापालटाला. सख्खी नणंद हाय माझी, लपवून मला काय मिळायचंय? दहावीचा फारम शनवारपतोर, ते ठावं हाय मला, चिठ्ठी आली हुती तुमची. आत्यास्नी मीच वाचून दावली. समदी न्हाई वाचली, तेवढं खरं. ‘गैरहजर’ म्होरं काय हुतं ते न्हाई वाचलं.

आता तुमी विचारताय म्हणून सांगते. आत्यांच्या मनातनं तुमची शाळा उतरली. का म्हंजी? शाळेत काय चालतं ते समद्या गावाला ठावं हाय की म्याडम, रोज सांजच्याला आठ वाजता दिसतं. हसताय? हसा. आत्या न्हाई हसत. आत्यांनी उभ्या जन्मात हायस्कूलची पायरी चढली न्हाई, मामांनी न्हाई, मी बी न्हाई. मंग आमी हायस्कूल बघायचं कुठं? टीवीवर. आठची शिरेल लागली की ह्या गल्लीतल्या समद्या बाया आमच्या सोप्यात. त्यातली ती पोरगी — नववीत हाय म्हणं — केस मोकळं सोडून शाळेत जाती, रिबीन नुसती हाताला बांधती. पोरगा गाडीवर येतो. ती चालली की वारा सुटतो, तिच्यापुरताच सुटतो, मागच्या पोरींच्या केसांस्नी काय न्हाई. फळ्यावर कसलंसं गणित लिवलंय, पन्नास भाग झालं तेच लिवलंय, पुसायला कोण तयार न्हाई. तास म्हणून व्हतच न्हाई. गॅदरिंग, सहल, रुसवा, चिठ्ठी, परत गॅदरिंग. आन् खरं सांगू का? ती नववीतली पोरगी माझ्यापरास थोरली हाय. मोबाईलवर तिच्या लग्नाचं फोटो बघितलं मी, दोन वर्सं झाली लगीन होऊन. लगीन झालेली बाई दोन वेण्या घालून बाकावर बसती आन् समदा मुलूख तिला बघतो, आन् मला — मी तेवीसची हाय म्याडम — मला कुणी दोन वेण्या घालू देईल का? दप्तर अडकवून निस्ती आडापतोर गेले तर खुळी म्हणतील.

जळते का मी? जळते की. त्यात लपवायचं काय. पर त्या शिरेलीतल्या बाईवर जळून काय उपेग, ती काय माझ्या घरात ऱ्हात न्हाई. घरात रेश्मा ऱ्हाती. सकाळी सात-दहाची एसटी. मी सहाला तिची भाकरी थापायची, तिचा डबा भरायचा, तिच्या गणवेशाच्या चुण्या मोडायच्या — उलथनं चुलीवर तापवून कालरवरनं फिरवायची मी, माहीत हाय का तुमास्नी? तुमी म्हणत आसाल, पोरगी काय टापटीप येती. ती टापटीप माझी हाय. आन् सांजच्याला आली की मी भांडी टाकून तिच्यापशी जायची, रेश्मा, काय झालं गं आज शाळेत? ‘काय न्हाई वैनी, प्रमेय झालं.’ दुसऱ्या दिशी काय झालं? ‘प्रमेयच झालं, अर्धं ऱ्हायलं हुतं.’ आता तुमीच सांगा. आठ वाजता टीवीवर येवढं घडतंय आन् हिच्या शाळेत निस्तं प्रमेय? मला वाटायचं लपवती. मला सांगायच्या लायकीची समजत न्हाई. रोज इचारायची मी, रोज. कवातरी येखादं सांगायची — एका बाकावर चौघी बसतो, कडंची अर्धी भाईर आसती. मराठीच्या सरांच्या चष्म्याला दोरा बांधलाय. मुतारीच्या दाराला कडी न्हाई म्हणून एकीनं भाईर राखण उभं ऱ्हायाचं, म्हणून पोरी दिसभर पाणी पीत न्हाईत. व्हय न्हवं? खरं हाय? बघा — खरं हाय. म्हंजी ती खरंच सांगत हुती मला. आन् मी इश्वास ठेवला टीवीवर.

पर म्याडम, एक सांगू? मला त्याचं बी वाईट वाटायचं न्हाई, उलटं वाटायचं. तिनं कुरकुर करत सांगावं आन् मला वाटावं, त्या बिनकडीच्या दाराभाईर राखण उभं ऱ्हायला बी मी तयार हुते की. दिसभर तहान मारली असती. प्रमेय कसं आसतं ते बघितलं तर आसतं, अर्धं का हुईना.

आवं, चिठ्ठीबिठ्ठी काय सापडली न्हाई. मी बघितलं हुतं की दप्तर, चारदा बघितलं. कंपासपेटी, गाईड, चिचेची बोटकं, आन् एक वही कुण्या ऋषिराजची — तुमच्याच वर्गातला व्हय तो? भूमितीची वही, त्यात तांबड्या शाईनं तुमी ‘नीटनेटके’ लिवलंय. तेवढंच. गुलाबाचं पान बी न्हाई. मला राग आला, खरं सांगते, काय न्हाई सापडलं म्हणून राग आला.

मंग काय झालं? मंग ती वडूजची गोष्ट झाली. ह्या बारकीला दवाखान्यात न्ह्यायची हुती, खोकला जात नव्हता. परत यायच्या टायमाला स्टॅन्डवर आले तर पाच वाजून गेलेलं, शाळा सुटल्याली. एसटी लागायच्या आधीच गर्दी. आन् बघते तर आमची रेश्मा मैत्रिणींच्यात उभी, आन् त्यो ऋषिराज — पोरी नावानं हाक मारत हुत्या त्येला, उंच हाय, दात जरा पुढं — त्येच्या हातात रेश्माचं दप्तर. गाडी वळून यायला लागली तसा पळाला गाडीसंगं, आन् एक-दोन-तीन दप्तरं दिली खिडकीतनं आत टाकून. पोरी टाळ्या पिटतायत. रेश्मा हसत हुती म्याडम. घरात तशी हसत न्हाई ती. मी हुबी कडंवर पोर घिऊन, आन् मला वाटलं, हे तर शिरेलीतलंच हाय की! हुबेहूब! फकस्त वारा सुटला न्हाई.

काय म्हणताय? जागा धरायची रीत हाय? मला शिकवताय व्हय. एसटीची रीत मला ठावं न्हाई का? रुमाल टाकतो, पिशवी टाकतो, गड्यामाणसाला खिडकीपतोर हात पुरतो म्हणून त्येच्याकडं देतो — मी काय इमानातनं आले? ठावं हुतं मला. तवा बी ठावं हुतं.

सांगतेच आता. लय आत आलाय तुमी, आता अर्धं कशाला ठिवू. रेश्मानं मला बघितलं. ‘वैनी!’ म्हणून वरडली स्टॅन्डभर. धावत आली, पोरगी घेतली माझ्याकडनं, गर्दी सारून मला आत न्हेली, आन् दप्तर टाकून धरलेली ती जागा — खिडकीकडंची — ती तिनं मला दिली. ‘बस वैनी, हिला वारं लागू दे.’ त्या जागंवर मी बसले म्याडम. फाट्यापतोर मीच बसले. ती दांड्याला धरून हुबी ऱ्हायली, मैत्रिणींच्यात. आन् त्या पोरी कायतरी बोलत हुत्या — कुणाचं तरी नाव घ्यायचं, ‘क्ष बरोबर कितीऽऽ’ म्हणायचं, आन् चौघींनी पोट धरून हसायचं. मी बी हसले जरा. इचारलं, काय गं, काय झालं? मला बी सांगा की. तर रेश्मा म्हणाली, ‘काय न्हाई वैनी, शाळंतलं हाय.’

शाळंतलं हाय.

तिनं टोचायला न्हाई म्हणलं ते. तसली न्हाईच पोरगी. पर मला असं झालं — कसं सांगू — जागा मला दिलीया, पोर माझं तिच्या मैत्रिणीच्या कडंवर, आन् मी त्या गाडीत कुठंच न्हाई. मी माझी खिडकीतनं भाईर बघत आले. भाईर बघायला तरी काय, बाभळी.

सांजच्याला शिरेल लागली. आन् त्याच दिशी, नेमकं त्याच दिशी, ती नववीतली पोरगी गाडीवर बसून घरातनं पळून गेली. बाया सगळ्या, आगं बया बया! आत्या डाळ निवडत हुत्या, त्यांनी सूप खाली ठिवलं. आन् मी — एकच वाक्य बोलले म्याडम. एकच. पोरीच्या केसांचा गुता काढत हुते, मान बी वर न्हाई केली. म्हणलं, ‘आपल्या रेश्माचं बी दप्तर एक पोरगा धरतो की, वडूजच्या स्टॅन्डवर. लय हसत हुती.’ बास. खोटं हाय का ह्यातलं काय? शब्दान् शब्द खरा हाय. जागंचं तेवढं न्हाई बोलले.

रेश्मा आत अभ्यास करत हुती, तिनं ऐकलं. भाईर आली. मला वाटलं आता म्हणंल, वैनी, ती जागा तुलाच दिली की मी. तसं काय म्हणाली न्हाई. माझ्याकडं बघितलं निस्तं. आत्यांनी इचारलं, दप्तर धरतो का? तर म्हणाली, धरतो. खोटं कशाला बोलंल? दुसऱ्या दिशी सात-दहाच्या गाडीला गेली न्हाई. तिसऱ्या दिशी मामांनी तिला कुपवाडला —

…

व्हय. कुपवाडला. आजोळाला न्हाई. कुपवाडला, सांगलीच्या कडंला, लीलाबाई म्हणून आत्यांची बहीण ऱ्हाती, तिच्याकडं. मावशी पॅकिंगला जाती कुठल्याशा कारखान्यात, तिच्याच मागनं हिला बी लावली. डब्यास्नी झाकणं लावायची, हुबं ऱ्हाऊन. फोन आला हुता परवा, आत्यांशी बोलली, बरी हाय म्हणाली. माझ्याशी बोलायला मागितलं न्हाई. घरात रोज सहाला जाग येती मला, भाकरी थापायला बसते आन् आठवतं, डबा कुणाचा भरायचा? आत्ता तुमास्नी वाटंल, ह्या वैनीचं बरं झालं, हिच्या मनासारखं झालं. व्हय, दोन दिस वाटलं बरं. दोनच दिस. तिसऱ्या दिशी शिरेल लागली तर ती पळून गेलेली पोरगी परत वर्गात, वेण्या घालून! बापानं माफ केलं म्हणं, एका भागात! फळ्यावर तेच गणित. मी उठले, बंद केली टीवी. बाया बोंबलल्या. आत्या म्हणाल्या, काय झालं गं तुला? काय सांगू?

मी? मामास्नी मी सांगू? तुमी शुद्धीवर हाय का म्याडम? काय म्हणून सांगू — पोरीचं काय न्हाई, मीच जळत हुते? म्हायेरी धाडतील मला, ह्या बारकीला घिऊन. आन् म्हायेर काय हाय माझं, कोरेगावाकडनं चार कोस आत, भाऊ दारात हुबं करायचा न्हाई. न्हाई. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. नका बघू माझ्याकडं असं.

किती शिकले? सातवी. पयल्या नंबरानं पास, इचारलं म्हणून सांगते. पुढची शाळा कोरेगावला हुती. जून म्हैन्यात मी दप्तर भरून बसले हुते, नवं कव्हर घातलेलं वह्यांस्नी, जुन्याच वह्या, उरलेली पानं शिवून. आई म्हणाली, गुरुजी येऊन सांगतील तवा बघू. मी रोज वाट बघायची. गुरुजी आमच्या घरावरनंच जायचं, सायकलीवरनं. घंटी वाजवायचं वळणावर. आता थांबतील, आता थांबतील… म्हैनाभर. कुणी आलं न्हाई म्याडम. तुमी रेश्मासाठी फाट्यापासनं चालत आलाय, ह्या उनात, पायात ती असली चप्पल घालून. माझ्यासाठी सायकलीवरनं उतरून दोन पावलं कुणी आलं न्हाई. मघाशी तुमी दारात हुब्या ऱ्हाऊन तिचं नाव घेतलं न्हवं — रेश्मा हाय का घरात, म्हणून — तवा मला पयल्यांदा काय वाटलं सांगू? तुमास्नी हाकलून द्यावं वाटलं.

कुपवाडात मारुतीच्या देवळामागं पाण्याची टाकी हाय, टाकीला लागून पत्र्याच्या चार खोल्या, तिसरी मावशीची. कारखान्यातनं सा वाजता सुटत्यात. लिवून घ्या. न्हाई, माझ्याकडं द्या कागद, मीच लिवते. घ्या. अक्षर वाचता येतंय न्हवं?

आन् मामास्नी मी काय सांगायची न्हाई, ते सोडा. तुमी हेडसरांस्नी घिऊन या. उद्याच या, उद्या मामा घरात हायत, मेंढरं कातरायची हायत. तुमी सांगा मामास्नी, दप्तर जागंसाठी टाकलं हुतं, आन् ती जागा रेश्मानं वैनीला दिली हुती, वैनी बसली हुती त्या जागंवर फाट्यापतोर. मामा माझ्याकडं बघतील. आत्या बघतील. मी न्हाई म्हणायची न्हाई. एवढंच माझ्याच्यानं व्हईल, ह्याच्यावर मागू नका.

आता उठा. मेंढरांचा आवाज येतोय ओढ्याकडनं, आत्या आल्या. च्या न्हाई इचारला मी, इचारणार बी न्हाई. मागल्या दारानं जावा, कुडाच्या कडंनं. ही उठली बघा, बोलून बोलून उठवली तुमी. जावा म्याडम. जावा की.