ट्रक तापत नाही

ड्रायव्हर : तेच सांगतोय मिस्त्री. परवा पूर्ण माल भरून अख्खा चढ चढलो, तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

मिस्त्री : मग तोंड पाडून काय आलायस? तापतो म्हणून आणला होतास. आता तापत नाही.

ड्रायव्हर : तीच तक्रार आहे. पहिल्यासारखा करून द्या.

मिस्त्री : उभा जन्म इंजिनं थंड करण्यात गेला माझा. तापवून द्या म्हणणारा तू पहिलाच. ऊन लागलंय का तुला?

ड्रायव्हर : चढाच्या माथ्यावर माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे. ट्रक तापायचा तो बरोबर तिच्या दारात. मग ती बादली घेऊन यायची.

मिस्त्री : मग आता न तापता थांब. बहीणच आहे ना?

ड्रायव्हर : बोलणं नाही आमचं. आई गेल्यावर कपाटावरून वाजलं. कपाट तिच्या दारातून आत जाईना, माझ्या जिन्यातून वर जाईना. आणि हक्क दोघांपैकी कोणी सोडेना.

मिस्त्री : मग ते आहे कुठे?

ड्रायव्हर : तिच्या अंगणात. कोंबड्या राहतात त्यात.

मिस्त्री : आणि बादली आणून ती बोलते काय?

ड्रायव्हर : तापल्या तापल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणून आधी मला पायरीवर बसवते. मग म्हणते, 'पाणी?' मी म्हणतो, 'हो.' ती म्हणते, 'अजून?' मी म्हणतो, 'बस.' मागे एकदा तर 'बेल्ट बघितलास का' असंही म्हणाली. घरी जाऊन बायकोला सांगितलं मी.

मिस्त्री : मग थांब आणि खोटंच सांग, तापलाय म्हणून.

ड्रायव्हर : बॉनेटला हात लावून बघते ती. थंड लागलं तर मी आपणहून आलो असं होईल. म्हणजे हरलोच की. त्यापेक्षा तुम्ही रेडिएटरला बारीक भोक पाडा ना.

मिस्त्री : चढाच्या आधीच पाणी संपेल.

ड्रायव्हर : मग बेल्ट ढिला करा.

मिस्त्री : तुटला तर भररस्त्यात बसशील.

ड्रायव्हर : थर्मोस्टॅट अडकवून ठेवा.

मिस्त्री : हेड गॅस्केट उडेल. मग एकदाच काय ते तिच्या दारात थांबशील, आणि पुढे क्रेनने जाशील. भाजी आहे का ही, थोडी अजून शिजू द्या म्हणायला?

ड्रायव्हर : मग आधी कशाने तापत होता? तोच बिघाड परत घाला.

मिस्त्री : बिघाड नव्हताच.

ड्रायव्हर : नव्हता कसा? पहिल्यांदा पाण्याचा पाइप सुटला होता. तो मीच आवळला, तिच्या दारात. तरी पुढच्या फेरीला तिथेच तापला.

मिस्त्री : पाणी कोण ओततं?

ड्रायव्हर : तीच. मला जवळ उभं राहू देत नाही. 'तू मागची चाकं बघ' म्हणते.

मिस्त्री : आणि तू बघतोस.

ड्रायव्हर : थोरली आहे.

मिस्त्री : (कोपऱ्यातल्या पेटीतून घडी केलेलं जाड कापड काढत) हे रेडिएटरच्या पुढे बांधलेलं होतं. जाळीच्या आत, बरोबर वाऱ्याच्या वाटेत. सपाटीला चालून जातं, चढावर तापणारच. मला वाटलं तुझंच, थंडीत लावून काढायचं विसरलास. नाड्या बघ किती नीट शिवल्यात... काय रे, काय झालं?

ड्रायव्हर : कपाटाचं पांघरूण आहे हे. किनार आईच्या हातची. नाड्या थोरलीच्या.

मिस्त्री : परत बांधून देऊ? माझ्या तत्त्वात बसत नाही, पण देतो.

ड्रायव्हर : नको. द्या इकडे. तिची वस्तू आहे, परत द्यायला थांबावंच लागेल.

मिस्त्री : आणि ती बादली घेऊन आली तर? ट्रक तर थंड.

ड्रायव्हर : या वेळी मी पिईन.