परदेशी विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष

एकादशी होती. मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बसस्थानकावर जपमाळ घेऊन बसले होते. शेजारच्या बाकावर विद्यापीठातली दोन मुलं हार-नारळ घेऊन येऊन बसली.

"कुशलभाऊ, तोंड काहून पाडलं? आठ वर्षांत पहिल्यांदा आपल्या मंडळाले खरीखुरी परदेशी विद्यार्थिनी भेटून राह्यली!"

"तेच तर, हेमराज! आठ वर्षं मंडळ चाललं ना मस्त? संमेलनं झाली, निवडणुका झाल्या. कधी परदेशी मानूस लागला का?"

"नाई लागला."

"आता हे केनियाची पोरगी अध्यक्षपद मांगन."

"मांगन तं देऊन टाक."

"अन् लग्नपत्रिका? माह्या नावाखाली छापून झालं, 'अध्यक्ष, परदेशी विद्यार्थी मंडळ'. त्याच्यावरच तं सासऱ्यानं होकार देल्ला. नाई तं किरनापूरच्या पोराले कोन इचारते?"

"मंग तिले पाहुणी म्हनू. पाहुण्याले कोनी काम सांगते का?"

"हौ! हे जमते. हार घालू, नारळ देऊ, खुर्चीवर बसवू..."

"खुर्चीवर नोको."

"हौ, खुर्चीवर नोको."

गोंदियाची बस लागली. पाठीवर मोठी बॅग घेतलेली एक उंच मुलगी उतरली. कुशलनं हार घातला आणि छाती पुढे काढली.

"मैं विदेशी विद्यार्थी मंडल का अध्यक्ष."

"सच?" मोडक्या हिंदीत बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. "मैं डर रही थी, यहाँ बाहर की अकेली मैं ही हूँ. आप किस देश से हैं?"

कुशलनं हेमराजकडे पाहिलं.

"इनके मामा का घर," हेमराज अदबीनं म्हणाला, "महाराष्ट्र में है."