दात काढायची परवानगी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. त्यातल्या बाईंना दातांना तारा बसवून घ्यायच्या होत्या. फाइलवर वय होतं बावन्न.

"या वयात तारा? लोक हसतील गं."

"हसू देत. मलाही हसायचंय, तोंडावर हात न धरता."

"मला वाटायचं, तू लाजतेस."

"लाजते कसली! शाळेत हसले की बाई ओरडायच्या, 'ते वाकडे दात काढू नकोस!' तेव्हापासून हात आपोआप वर जातो."

"आणि डॉक्टर म्हणतात, जागा करायला दोन दात काढावेच लागतील."

"मिळाली ना परवानगी एकदाची!"

"चार दिवस दुखेल. तोवर मी विनोद करत नाही."

"अहो, करा की. हात वर गेलाच, तर धरून ठेवा."

"सगळ्यांदेखत?"