एका एसचं वाळवंट

परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर आजी आजोबांची इंग्रजीची उजळणी घेत होत्या. शिपायाचे डोळे दारावर होते आणि कान बाकावर.

"एका एसचं डेझर्ट म्हणजे?"

"जेवणानंतरचं गोड."

"ते दोन एसचं. एकाचं वाळवंट. जन्मभर टायपिंग केलंत ना?"

"अक्षरं मी बडवली, अर्थ साहेबांचा होता."

"पास होईल त्यालाच व्हिसा मिळून परदेशात लेकीकडे राहायला जाता येणार आहे, कळतंय ना?"

"मी नापास झालो तर तू एकटी जा. नातवाला कोण बघणार?"

"आणि तुम्हाला?"

शिपायाने आजोबांचा नंबर पुकारला.

"जा. बाहेर आल्यावर फुशारकी मारू नका, कसं झालं ते खरं सांगा."

"का गं?"

"म्हणजे मी किती चुकायचं ते ठरवते."