नदीनं नेलेलं कौतिकाबाईचं बी

मंडळी, आधी एक प्रश्न! चोरानं नेलं तर पोलिसात जाता येतं. शेजारणीनं नेलं तर भांडता येतं — आणि तुम्ही भांडता, मला ठाऊक आहे! पण नदीनं नेलं तर? नदीनं उचललं आणि दुसऱ्याच्या शेतात नेऊन टाकलं, तर ते कुणाचं?

बोला, बोला! पुढचे काका म्हणतात, 'ज्याचं होतं त्याचं.' मागून कुणीतरी म्हणालं, 'ज्याला सापडलं त्याचं.' वा! कुणाचं शेत नदीच्या वरच्या अंगाला आहे आणि कुणाचं खालच्या, ते मला आत्ता कळलं!

तर ऐका. उद्या रामजन्म, आज आपल्याला निवांत वेळ आहे.

इकडे विदर्भात एक नदी. नाव नाही सांगत, नाहीतर उद्या तुम्ही तिथं जाऊन चौकशी कराल! पावसाळ्यात दोन्ही काठ बुडवणारी, पण थंडीत आटली की मधोमध लांबच लांब वाळू उघडी पडते. त्या वाळूत काठची ढिवर मंडळी, म्हणजे मासेमारी करणारी, टरबुजाची वाडी लावतात. कोरड्या वाळूत टरबूज कसं येतं? अहो, वरची वाळू कोरडी, पण हात-दोन हात खणलं की ओल लागते. त्या ओलीपर्यंत खड्डा घ्यायचा, तळाशी शेणखत, त्यावर बी. पौषात पेरलं की चैत्रात फळ.

या वाडीवाल्यांत एक कौतिकाबाई. तिचं टरबूज साऱ्या बाजारात वेगळं! साल फिकट, जवळजवळ पांढरी. सुरी नुसती टेकवा — तड! आपोआप उलतं! आत लालबुंद, आणि बी बारीक, विटकरी रंगाचं. हे बी तिच्या आईनं लग्नात तिच्या पदराला बांधून दिलेलं.

पण बाई बी कुणाला देत नसे. एक नाही! बाजारात टरबूज घ्यायला गेलात तर म्हणायची, "इथंच बसा, इथंच खा, अन् बी या टोपल्यात टाका!" अख्खं फळ घरी न्यायची सोयच नाही. तलाठी येवो, मास्तर येवो, सगळे तिच्यापुढे उकिडवे बसून टरबूज खाताहेत आणि टोपल्यात बिया थुंकताहेत! हसता काय? गोडीपुढं माणूस काय काय करतो!

शेजारची वाडीवाली म्हणायची, "कौतिका, चार बिया दे नं व!"

ही म्हणायची, "तुह्या वाडीत काय कमी आहे? भोपळ्याएवढे टरबूज येतात. चवही भोपळ्याचीच!"

वर्षाच्या शेवटी पेरण्यापुरतं बी ठेवायची आणि उरलेलं? भाजून खायची! घरात राहिलं तर कुणी मागेल, कुणी चोरेल. पौषात राखलेलं सारं पेरून टाकायची. म्हणजे माघ-फाल्गुनात तिच्या घरात एक बी सापडायचं नाही. सगळं वाळूत, वेलांवर! केवढा बंदोबस्त, बघा! आणि बंदोबस्तात केवढं मोठं भोक!

त्या साली चैत्र लागला. फळं भरलेली, पहिला तोडा दोन-चार दिवसांवर. काठावर शेतकऱ्यांचा गहू कापून ढीग लागलेले. आणि वरच्या डोंगरात पाऊस झाला. गारांसकट! चैत्रात! इथं डोक्यावर ऊन, आकाश लख्ख, आणि नदीत गढूळ पाणी सरसर चढायला लागलं.

कौतिकाबाईचा नवरा श्रावण वाडीतल्या राखणीच्या मांडवातून ओरडला, "कौतिके! पाणी येऊन राहिलं! वर चल!"

"थांबा जी! बियाचं एक तरी टरबूज तोडू द्या!"

"टरबूज जाऊ दे! तू गेली तर मले भाकर कोण देईन?"

बघा, नवऱ्याचं प्रेम! पण त्यानं दंड धरून तिला ओढली म्हणून ती वाचली, हे खरं. एका हातात बायको, दुसऱ्या हातात खाट, मागं कुत्रं — असा श्रावण काठावर आला. माणसं सगळी वाचली. वाडी गेली.

आणि कशी गेली! पिकलेलं टरबूज पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. ते बुडत नाही. डुंबणाऱ्या म्हशीसारखी नुसती पाठ वर काढून जातं. अशी शेकडो पांढरी टरबुजं वेलापासून तुटून रांगेनं निघाली आणि कौतिकाबाई काठावर उभी राहून बघत होती. फळाचं दुःख एका सालाचं. पण बी? आईचं बी गेलं! घरी नाही, शेजारी नाही, बाजारात नाही. जगात एक दाणा नाही! आणि ही व्यवस्था कुणी केली होती? तिनंच!

पाणी उतरलं तशी बाई काठाकाठानं खाली निघाली. प्रत्येक गावात विचारायची, "पांढरी टरबुजं वाहून आली का जी?"

एका गावात म्हणाले, "आली नं! लय गोड होती!"

"बिया?"

"गाईनं खाल्ल्या."

दुसऱ्या गावात बिया उकिरड्यावर, कोंबड्यांनी टिपलेल्या. चालत चालत ती नदीच्या मोठ्या वळणावर पोचली. वळणावर पाण्याचा जोर कमी होतो, वाहून आलेलं तिथंच थांबतं. तिथं डोमाजी पाटील नावाच्या शेतकऱ्याचं शेत. त्याचा गव्हाचा ढीग अख्खा गेला होता आणि शेतात बोटभर गाळ बसला होता.

कौतिकाबाई दारात आली तर आतून खमंग वास! डोमाजीची सून वनमाला चुलीपाशी बसून कढईत काहीतरी परततेय. तड् तड् तड्!

बाईनं वास ओळखला. "उतरव! कढई उतरव व माय!"

वनमाला घाबरली. "काय झालं? पदर पेटला का माझा?"

"बी! माझं बी!"

कढईतलं भाजून गेलं होतं. पण शेजारी सुपात, राखेनं चोळून वाळवलेल्या बिया होत्या. दोन मुठी, विटकरी रंगाच्या. दुसरा घाणा टाकायचाच राहिला होता! चार क्षण उशीर झाला असता तर हे आख्यान इथंच संपलं असतं!

वनमाला म्हणाली, "तुमचं कशावरून? आमच्या वावरात आलं, आमच्या पोरांनी खाल्लं, मी चोळून वाळवलं."

कौतिकाबाईनं पदर खोचला. सारी वाट ती भांडण घोकत आली होती! तेवढ्यात ओसरीवरून डोमाजी म्हणाला, "सूनबाई, देऊन टाक सारं."

"मामाजी, सारं?"

"सारं. बाई केवढी चालून आली! माझा गहूही नदीनंच नेला. मी कुणाच्या दारात जाऊ? मासोळ्यांच्या? एकाचं तरी परत मिळू दे." आणि कौतिकाबाईकडे वळून म्हणाला, "तुमचे उपकारच आहेत, बाई. गहू गेला त्या दिवशी घरात कुणाच्या तोंडात घास जात नव्हता. पोरं टरबुजं पाहून हसली."

मंडळी, भांडायला आलेल्या माणसाला भांडणच दिलं नाही तर तो काय करील? वनमालानं बिया फडक्यात बांधून दिल्या. कौतिकाबाई अंगणाबाहेर पडली. हवं होतं ते मिळालं, आता घरी जायचं. पण पाय उचलेना. तिची नजर डोमाजीच्या शेतावर गेली. नदीकडचा पट्टा सगळा वाळूचा आणि वर नवा गाळ. पिढ्यान्‌पिढ्या या लोकांनी तो पट्टा पडीक टाकलेला, कारण वाळूत गहू येत नाही. टरबूज येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं पुरचुंडी घट्ट धरली. सैल केली. परत धरली. हसू नका, तुमच्या माझ्यानं झालं असतं का ते?

मग ती मागं वळली. वनमालाच्या सुपात एक मूठ बी ओतलं.

"हे काय?" वनमाला म्हणाली. "भाजायला दिलं?"

"भाजशील तर याद राख! पौषात येतो मी. खड्डा कसा घ्यायचा ते दाखवतो. तवर उंदरापासून जप!"

आणि ती खरंच आली, पौषात. वनमालाच्या हातून ओल लागेपर्यंत खणून घेतलं, चार ठिकाणी "असं नाही, फावडं आडवं मार!" म्हणून रागावली, आणि पेरून गेली.

पुढच्या चैत्रात बाजारात काय झालं? कौतिकाबाई टरबुजं मांडून बसली, आणि शेजारी येऊन कोण बसली? वनमाला! तशीच पांढरी टरबुजं घेऊन! आणि गिऱ्हाईक तिच्याकडे! कौतिकाबाईचं तोंड हे एवढं झालं. म्हणाली, "माझ्याच उरावर येऊन बसली व!"

वनमालानं एक टरबूज फोडलं, फोड पुढं केली. बाईनं खाल्ली. सवयीनं बी टोपल्यात टाकलं. मग म्हणाली, "गोड आहे." थोडं थांबून — "माझ्याहून जराशी कमी."

संत नाही झाली ती, मंडळी! पण त्या रात्री गाढ झोपली. आता नदी आली तरी बी कुठंतरी होतं.

आणि एक गोष्ट कौतिकाबाईला ठाऊक नव्हती. टरबुजाच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. एकातला पराग दुसऱ्यावर मधमाशीनं नेला तरच फळ धरतं. आता मधमाशी कुंपण बघते का? शेजारणीच्या वाडीतल्या फुलावरून उठली की हिच्या फुलावर बसली! म्हणजे 'माझं, माझं' म्हणत जपलेल्या त्या बियांतल्या कितीतरी बियांमध्ये शेजारणीचा वाटा आधीच होता. भोपळ्याची चव म्हणून जिला हिणवलं, तिचा! तर माझा पहिला प्रश्न: नदीनं नेलं ते कुणाचं? मंडळी, नदीनं नेण्याआधी तरी ते एकटीचं कुठं होतं?

आता वळते तुमच्याकडे. लोणच्याचं प्रमाण विचारलं की 'अंदाजानं घालते' म्हणणाऱ्या बायकांनो, खाली बघू नका! कांद्याचं चांगलं रोप कुठून आणलं ते भावालाही न सांगणाऱ्या बापूंनो, तुम्हीही नका बघू! ओवी येते, औषधाची मुळी ओळखता येते, गाय अडली तर सोडवता येते — आणि गावात ते फक्त तुम्हालाच येतं, याचा अभिमान वाटतो ना? मला त्याची भीती वाटते.

आता आरती होईल. ताटातलं निरांजन फिरेल तेवढ्या वेळात एकच ठरवा — आपल्याकडचं काय, आणि उद्या कुणाच्या दारात घेऊन जायचं. रामजन्माच्या आधी जाऊन या!