कुनाची गं तू?

वेल्ह्याच्या स्टँडवर भोरच्या एसटीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक आजी आणि तिची दहा-अकरा वर्षांची नात बोलत होत्या.

"ठेव तो मोबाईल, शेफाली. सरकार आता ल्हान पोरांचं मोबाईलवरचं समदं बंद करनार म्हनत्यात, कुनाचं लक्ष नसतं म्हून."

"तू ल्हान व्हतीस तवा तुज्यावर कोन लक्ष ठेवायचं गं?"

"अख्खी वाट! म्या एकटी चालत बाजाराला यायची. भेटंल तो इचारायचा, 'कुनाची गं तू?'"

"मग?"

"मग बापाचं नाव, गाव, घर कुटं, समदं सांगायचं. कुनी हातावर करवंदं ठेवायचं, कुनी बैलगाडीत घ्यायचं. अंधारलं तर दारापत्तूर आनून सोडायचं. लई मायेची मानसं. म्हनून तर तुला बी तसंच सांगाय शिकवलं."

"म्या सांगितलं की."

"कुनाला?"

"मोबाईलमदी एक काका हायेत. त्यांनी बी इचारलं, कुनाची गं तू."

"आन् तू?"

"बापाचं नाव, गाव, घर कुटं, समदं सांगितलं. लई शानी पोर हाय म्हनले. येनार हायेत भेटायला."

"कवा?"

"आजी, एसटी लागली. ऊठ की."